घड्याळाजवळचा कोपरा

देविदासआप्पांच्या कंप्युटरवर कचऱ्याचा डबा पडद्याच्या उजव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात एकटा असायचा. तो तिथे आपणहून गेला नव्हता. आप्पांनी त्याला नेऊन ठेवलं होतं आणि त्याच्या आजूबाजूच्या पाच-सहा जागा कायम मोकळ्या सोडल्या होत्या. बाकी पडदा आयकॉनांनी गजबजलेला असायचा. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा काहीतरी बिघडलंय असं वाटून विचारलं. आप्पा म्हणाले, "हाऊ डबा शे, बाई. त्याना जोडे कोनाबी लेकरूले बसाडनं नही."

कचऱ्याच्या डब्याजवळ कुणाचंही लेकरू बसवायचं नाही. हे वाक्य समजायला आप्पा कोण ते सांगायला हवं. आप्पा मूळचे धुळ्याकडचे. सुरतेला पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये ते तीस वर्षं कलर मास्टर होते. व्यापाऱ्याने आणलेला कापडाचा तुकडा बघायचा आणि हुबेहूब तोच रंग उतरवून द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुरतेतल्या मराठी घरांची लग्नं जुळवायला घेतली, तीही फुकट. लोक मुलामुलींचे बायोडाटा पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलवर आणून द्यायचे आणि आप्पांचा मुलगा ते कंप्युटरवर टाकून द्यायचा. फोल्डर वगैरे भानगड आप्पांना मान्य नव्हती. सगळे बायोडाटा समोर, पडद्यावर. आयकॉन म्हणजे कुणाचा तरी मुलगा, नाहीतर कुणाची तरी मुलगी.

आम्ही बमरोलीला एकाच सोसायटीत राहायचो, ते तळमजल्यावर आणि आई व मी दुसऱ्या मजल्यावर. मी मराठी शाळेत शिक्षिका, म्हणून आप्पांसाठी 'बाई'. घटस्फोट घेऊन आईकडे परत आले तेव्हा सोसायटीतल्या प्रत्येकीने जिन्यात गाठून माझी चौकशी केली होती. आप्पांनी फक्त, शाळेत कंप्युटर शिकवतात का, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. तिथून पुढे मी त्यांची मेकॅनिक झाले.

एका सकाळी त्यांची बायको, जिजी, कणकेच्या हातांनीच वर आली आणि दारातून म्हणाली की पोरंपोरी सगळी गेली, आप्पांनी चहा घेतला नाही. आईने भिंतीचा आधार घेतला. मी खाली धावले तर आप्पा रिकाम्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले, सुतकात बसतात तसे. मी माउसचं उजवं बटण दाबलं, 'व्ह्यू'मध्ये गेले. आयकॉन दाखवण्याच्या ओळीपुढची खूण गेली होती. माउस फडक्याने पुसताना आप्पांकडूनच ती निघाली असणार. मी खूण केली. पावणेदोनशे मुलंमुली जिथल्या तिथे परत आली. आप्पांनी हात जोडले, पण ते मॉनिटरला. मग जिजीला म्हणाले, आता चहा ठेव.

पुढे एकदा सगळे आयकॉन पांढरे फटक झाले. फाइल उघडणारा प्रोग्रॅम कुणीतरी काढून टाकला होता. तो परत टाकला, कंप्युटर बंद करून चालू केला, झालं. माझं नाव पार नवागामपर्यंत पोचलं. आई या कौतुकाने सुखावायची आणि लगेच उसासा टाकायची, की हिला सगळं दुरुस्त करता येतं. पुढचं वाक्य ती बोलायची नाही, तेवढी ती समंजस आहे.

मग तो संक्रांतीचा दुसरा दिवस आला. सुरतेत त्या दिवशीही पतंग उडतात, आणि कुणाचा तरी मांजा तारेत अडकून आमच्या सोसायटीची लाइट गेली. ती परत आली तेव्हा आप्पांच्या पडद्यावरचे आयकॉन पुरीएवढे झाले होते आणि एकमेकांवर चढले होते. मी सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचं माप पूर्ववत केलं. आयकॉन लहान झाले, पण बरेचसे इकडेतिकडे सरकलेले होते. इथे थांबायला हवं होतं. पण वीस वर्षं हजेरीपट लिहिणाऱ्या बाईला पसारा दिसला की हात शिवशिवतात. मला तर ते आयकॉन पहिल्यापासूनच खटकायचे. मध्येच तीन, मग मोकळी जागा, मग सात, तळाला चिकटून एक ओळ, घड्याळाजवळ एक घोळका. मी नावानुसार लावायचा हुकूम दिला आणि ते आपोआप ओळीत राहतील अशी खूणही करून टाकली. कवायतीला उभी राहतात तशी सगळी मुलं वरपासून खालपर्यंत उभी राहिली. कचऱ्याचा डबासुद्धा रांगेत आला.

मी अभिमानाने खुर्ची मागे घेतली. आप्पांनी पडद्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई, आते सर्वा सारखाच दिखतस."

मी म्हणाले, नावं आहेत ना खाली. पण ती नावं काय होती? 'बायोडाटा', 'बायोडाटा एक', 'बायोडाटा फायनल', 'बायोडाटा नवा फायनल', सगळी इंग्रजीत. आप्पा सातवी शिकलेले, तेही मराठीत, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उघडलेल्या फाइलमधली अक्षरं त्यांना धड दिसायची नाहीत. कोण कुठे आहे ते त्यांना जागेवरून कळायचं. मिलमध्येही म्हणे ते रंगाचा नंबर कधी सांगत नसत, शेड कार्डावर बोट ठेवत.

आणि जागा म्हणजे नुसता पत्ता नव्हता, तो शेरा होता. वर डावीकडे सरळ स्थळं. मधल्या ओळींत पत्रिकेवर अडलेली. तळाच्या कडेला जी होती ती आप्पा कुणालाच दाखवत नसत. कुणाचा हात उठायचा, कुणी पहिलं लग्न लपवलेलं होतं. यातलं एक अक्षर त्यांनी कागदावर लिहिलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लिखं का ते कायमनं व्हई जास." उद्या माणूस सुधारला तर त्याला वरच्या ओळीत घेता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गेल्या दहा वर्षांत दोघांना घेतलंही होतं.

मी उलटं फिरवायचे सगळे उपाय केले. चुकून पुसलेली फाइल परत आणता येते. पुसलेली जागा परत आणायची सोय त्या कंप्युटरमध्ये नाही. मला रडू आलं, ते मी शाळेत आवरते तसं आवरलं.

रविवारी नवागामहून एक बाई आली. नवरा नाही, स्वतः साड्यांना लेस लावायचं काम करते, एकुलती मुलगी. मुलीच्या मामाने गावाकडचा एक मुलगा ठरवत आणला होता आणि तो मुलीला पसंत नव्हता. त्याआधी आप्पांनी स्थळ सुचवावं म्हणून ती आली होती. हजीऱ्याच्या कारखान्यात नोकरीला असलेला एक पाटील आप्पांच्या मनात होता. पण हजीऱ्याला नोकरी करणारे पाटील दोन होते. वयही एकच. एक वरच्या ओळीतला आणि एक तळाच्या कडेचा. कोणता कुठला, ते आप्पांना आता सांगता येत नव्हतं. त्यांनी त्या बाईला पंधरा दिवसांनी ये म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मामा पंधरा दिवस थांबणार नाही. आप्पा म्हणाले, थांबव. ती गेल्यावर मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी खाली जाऊन बसायची. एकेक फाइल उघडून मोठ्याने वाचायची. आप्पा डोळे मिटून ऐकायचे. जात-पोटजात ते सगळ्यांत शेवटी वाचायला लावायचे. आधी आई काय करते ते वाच म्हणायचे. मग "तिसरी ओळ, वर," असं सांगायचे आणि मी आयकॉन ओढून तिथे नेऊन ठेवायची. कारण विचारायचं नाही, असा आमच्यात न बोलता करार झाला होता. काही वेळा मात्र ते डोळे न उघडता नुसतीच मान हलवायचे, म्हणजे तळाची कड. एकदा माझ्याच शाळेत शिकून गेलेल्या मुलाला मी त्या कडेला नेऊन ठेवलं. मला तो चांगला आठवत होता. प्रार्थना म्हणायला पुढे असायचा.

दोन पाटील मात्र अडूनच राहिले. शेवटी आप्पा रिक्षा करून दोघांच्याही घरी जाऊन चहा पिऊन आले. आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, पहिला कडेला, दुसरा वर. काय झालं तिथे, म्हणून मी करार मोडून विचारलं. ते म्हणाले, चहा दोन्हीकडे चांगला होता. दुसऱ्या पाटलाचं आणि नवागामच्या त्या मुलीचं लग्न पुढच्या वैशाखात झालं. मामा अक्षता टाकायला आला होता, तोंड पाडून का होईना.

पण त्या पंधरवड्यातला मला विसरता न येणारा दिवस वेगळाच. शेवटचे तीस-चाळीस राहिले होते. मी एक फाइल उघडली आणि सवयीने वाचायला लागले. शिक्षण एम. ए., बी. एड., नोकरी शाळेत. आई गृहिणी, वडील हयात नाहीत. रंग निमगोरा. निर्दोष घटस्फोटित. अपेक्षा, समजून घेणारा. इथपर्यंत वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की ही मीच आहे. फोटो शाळेच्या स्नेहसंमेलनातला होता. बायोडाटा आईने दिला होता, मला न सांगता. शेवटी तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची.

मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग एक भीती वाटली. आता आप्पा डोळे न उघडता नुसती मान हलवतील, आणि मला माझ्या हाताने स्वतःला तळाच्या कडेला ओढत न्यावं लागेल. सोसायटीतल्या बायकांच्या मनात मी तिथेच होते. खरं सांगायचं तर माझ्याही मनात मी तिथेच होते.

आप्पांनी डोळे उघडले होते. म्हणाले, "घड्याळना जोडे."

उजवीकडे खाली, घड्याळाजवळ तो घोळका असायचा. तिथे आतापर्यंत मी सात-आठ जण नेऊन ठेवले होते, मुलगेही आणि मुलीही. त्यांच्यात सारखं काय, ते मला उलगडलं नव्हतं. मी विचारलं, इथे कोण असतं?

"यास्ले कोनी इचारेलच नही," आप्पा म्हणाले. "आईबाप दी जातस. म्हनून ठी देल शे. यास्ले येळ शे."

लग्न करायचंय का, असं यांना कुणी विचारलेलंच नाही. आईबाप बायोडाटा देऊन जातात, म्हणून ठेवलाय. यांना वेळ आहे. दोन वर्षं त्यांनी माझी फाइल एकालाही दाखवली नव्हती. आई दर महिन्याला विचारायची आणि ते दर महिन्याला तिला सांगायचे, शेड जमत नही. आई ते माझं नशीब समजून वर येऊन देवापुढे बसायची. आणि मी समजायची की मला कुणी पसंत करत नाही, म्हणून विषय निघत नाही. मला कुणासमोर मांडलंच गेलं नव्हतं. त्या दोन वर्षांत या सबंध शहरात माझी बाजू घेणारा एक माणूस होता आणि त्याने ते मला कळूही दिलं नव्हतं.

मी आयकॉन घड्याळाजवळ नेला. तो दोनदा मधेच सुटला. आप्पांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. मग म्हणाले, "बाई, तुले इचारू का?"

मी म्हणाले, "नको, आप्पा."

"मंग ऱ्हाऊ दे तठेच," ते म्हणाले आणि पुढची फाइल वाचायला सांगितली. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही मलाच वाचायला बोलवायचे. दर दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ असायची, कीबोर्डला हळदकुंकू. ते बटणांच्या फटीत जायचं आणि दिवाळीपर्यंत मी टाचणीने काढत बसायची.

आप्पा गेल्या पावसाळ्यात गेले. दोन दिवस ताप काय आला आणि खेळ संपला. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने कंप्युटर पुसून विकायचं काढलं. मी त्याला म्हणाले, तो मला दे. कडेवर मॉनिटर घेऊन मी जिना चढले तेव्हा जिजी खाली उभी राहून, जपून, जपून म्हणत होती.

आता लोक माझ्याकडे येतात. बायोडाटा हातात घेतला की मी आधी विचारते, मुलीला विचारलंय का? मुलाला विचारलंय का? बरेचजण खिडकीबाहेर बघतात. त्यांचा आयकॉन मी घड्याळाजवळ ठेवते. तिथे आता तीन ओळी झाल्यात. तळाच्या कडेला मी हात लावलेला नाही. तिथल्या निम्म्या मुलांची कारणं आप्पांबरोबर गेली. परवा एका बाईने हजीऱ्याच्या त्या पहिल्या पाटलाचं नाव घेऊन विचारलं, एवढी चांगली नोकरी, मग तो का नाही? मी म्हणाले, शेड जमत नाही.

आई शेजारीच शेंगा सोलत होती. तिने हातातली शेंग खाली ठेवली. हे शब्द तिने आप्पांकडून दर महिन्याला ऐकले होते. ती बाई गेल्यावर आई माझ्याजवळ आली, चष्मा लावून पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यात तू कुठे आहेस?"

मी घड्याळाजवळ बोट ठेवलं. तिथे कोण असतं, ते तिला सांगितलं. आईने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने मला विचारलं.