सर्व्हरचं मागचं दार

कुणावर विश्वास ठेवायचा सांगा: पुण्याहून आलेल्या इंजिनिअरवर, की आमच्या तात्यांवर? मंगळवार पेठेत पंप-पाइपचं दुकान चालवताना असे किस्से गल्ल्याशेजारी साठतच जातात. हे त्यातले सर्व्हरचे.

गारगोटीची शाखा आणि पेठेतलं दुकान एकाच सर्व्हरवर घेतलं, आणि बिल निघायला एवढा वेळ लागायला लागला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानाकडं बघायचं. तिथं अजून हातानं बिल लिहीत. जुनी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडणार, या धास्तीनं माझी झोप उडाली.

पुण्याचा इंजिनिअर मशीनला हात लावायच्या आधीच म्हणाला, "नवा सर्व्हर घ्या."

आमचे दिवाणजी तात्या म्हणाले, "पावणं, ह्यो नवाच हाय. तुमच्याच कंपनीनं दिलाय."

*

तात्या संध्याकाळी दिवाबत्ती करून दुकान बंद करायचे, म्हणून सर्व्हरही बंद करायचे. गारगोटीहून फोन आला, "बिल निघंना."

"दुकान बंद झाल्यावर कसं निघंल?"

"आमचं उघडं हाय की."

"मग बंद करा."

*

शेवटी शिवानंदला बोलावलं. पेठेतच कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मला म्हणाला, "अप्पा, पत्ता शोधायच्या दोन पद्धती चालू हायत. एक जुनी, एक नवी, आयपीव्ही सिक्स. मशीन आधी नव्या पत्त्यावर विचारतंय. तिथं आपलं कुणीच न्हाय. वाट बघून थकलं की जुन्यावर येतंय."

म्हणजे मागच्या बोळातलं दार उघडून माणूस बसवलाय, आणि बोळातून येत कुणीच नाही. म्हटलं, "बंद कर ते."

तात्या घाबरले. "मालक, नवं बंद करून जुनं ठेवायचं? जग उलटं करतंय."

"मग धोतर कधी सोडताय?"

तात्यांनी धोतराचा सोगा सावरला. शिवानंदनं दोन ओळी टाइप केल्या, सर्व्हर बंद करून परत चालू केला. बिल लगेच बाहेर.

*

दुसऱ्या दिवशी बिद्रीचे दादा आले. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. पंपाचा व्हॉल्व्ह घेतला. बिल करायला घेतलं की चहा सांगायचा, ही आमची रीत. तोंडातून चहाचं नाव निघायच्या आत बिल दादांच्या हातात. त्यांनी बिलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, "बरं, येतो" म्हणून उठले.

थोड्या वेळानं बघतो तर दादा समोरच्या दुकानात, बाकावर मांडी घालून, हातात कप. मीच रस्ता ओलांडला.

"दादा, आमचं काय चुकलं?"

"बिल हातात देऊन घालवून दिलंस की. हितं निवांत बसाय मिळतंय."

परत आलो तर तात्या फोनवर शिवानंदला विचारत होते, "ते मागचं दार परत उघडाय किती वेळ लागंल?"

यातला नफा-तोटा आता तुम्हीच मांडा. फक्त हिशेब खरा मांडा, माझ्याकडं बघून नको.