निस्कानेन मॅडमचा ओव्हर

आमच्या थंडर बे शहरातल्या नर्सिंग कॉलेजात आयली निस्कानेन मॅडम म्हणजे साक्षात जमदग्नी. ड्युटी संपली की पुढच्या नर्सला पेशंटची सगळी माहिती द्यायची, तो ओव्हर. तोही खाटेपाशी उभं राहून, पेशंटच्या देखत. एकतीस वर्षं त्यांनी पोरींकडून तेवढंच घोटून घेतलं. मी एकदा "पेशंट ठीक आहे" म्हणाले, तर केवढ्या ओरडल्या! "ठीक म्हणजे काय गं? ताप किती? लघवी किती? पाहिलंस की नुसतं ऐकलंस?"

गेल्या मार्चात त्याच मॅडम खुब्याचं हाड मोडून माझ्या वॉर्डात आल्या. आल्यापासून एकच धोशा, मला घरी सोडा. संध्याकाळी सातला मी ड्युटीवर आले. ओव्हर द्यायला ब्रिन होती, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी.

"वय चौऱ्याहत्तर. ऑपरेशनला चार दिवस झाले. ताप नाही. वॉकर धरून दहा पावलं चालल्या. घरी बहीण आहे, हेल्मी, ती सगळं बघेल. उद्या डिस्चार्ज."

मला वाटलं, सुटली बाई पोरगी.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "बहीण पाहिलीस?"

"तुम्हीच सांगितलंत ना, मॅडम."

"मग 'पेशंट असं म्हणते' म्हण! चार दिवसांत ती आली? फोन तरी आला?"

"नाही," ब्रिन रडवेली झाली.

"आणि तुला काहीच खटकलं नाही? कप्पाळ!" मॅडमचा आवाज चिरकला. "हेल्मीला जाऊन दोन वर्षं झाली. खरं सांगितलं तर मला घर सोडायला लावाल, म्हणून थाप मारली. पण म्हणून माझ्यासमोर असला ओव्हर द्यायचा? पुन्हा दे."

ब्रिननं माझ्याकडं पाहिलं. मी 'दे' म्हणून मान डोलावली, दुसरं काय करणार?

"पेशंट... एकट्या राहतात. घरी कुणी नाही. उद्या सोडणं धोक्याचं आहे."

"आणि?"

"आणि चार दिवसांत त्यांना भेटायला कुणीही आलेलं नाही."

"आता बरोबर," म्हणून मॅडमनी भिंतीकडं तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. त्यांचं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर आहे. हेल्मी गेल्याचं मला त्या खाटेपाशी कळलं.