वीस आकडे मोजेपर्यंत

पक्षी बघायला जाणाऱ्यांकडे पक्षी कमी आणि किस्सेच जास्त जमतात. आमचंच बघा ना! ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास होळी झाली की दर रविवारी आम्ही चौघं खाडीवर. थंडीत आलेले परदेशी पाहुणे तेव्हा परत निघालेले असायचे. पार्ल्याचे देसाई मास्तर, बँकेतली कुंदा, जोगेश्वरीचे नाना आणि मी. दुर्बीण मात्र एकच, ती पण जुनी रशियन.

म्हणून मास्तरांचा नियम होता: प्रत्येकाला वीस आकडे मोजेपर्यंत दुर्बीण. आणि दोघांनी पाहिल्याशिवाय पक्षी वहीत चढणार नाही.

नानांची पाळी म्हणजे सोहळाच! आधी चष्मा काढणार, मग पुसणार, मग तो खिशात ठेवून दुर्बिणीचं चाक फिरवत बसणार. आमचे सतरा झाले की ओरडणार, "दिसलं, दिसलं!"

"काय दिसलं, नाना?"

"आभाळ!"

तोवर पक्षी भुर्र.

एकदा ट्रॉम्ब्याच्या खाडीवर एका हवालदाराने हटकलं. "काय बघताय रे?" कुंदा म्हणाली, "तुम्हीच बघा ना, साहेब." वाट लागली! पठ्ठ्या दुर्बीण सोडेना. मास्तरांनी वीसचा नियम सांगितला, तर म्हणाला, "मीच मोजतो." बारापर्यंत यायचा, "चुकलं!" म्हणायचा आणि परत एकपासून सुरू. शेवटी उन्हं वर आली तेव्हा कुठे दुर्बीण हातात पडली.

मास्तर स्वतःलाही सोडत नसत, हं. एकदा त्यांना एकट्याला मोरघार दिसली, मासा पंजात धरलेली. साक्षीदार नाही म्हणून वहीत लिहिली नाही. वर दिवसभर आमच्याशी बोलले नाहीत, जणू आम्हीच ती पळवली होती!

नानांचा खरा किस्सा त्यांच्या चाळीतला. सकाळी अंगणातल्या चिंचेवर त्यांना स्वर्गीय नर्तक दिसला, पांढरा, लांब शेपटीचा. साक्षीदार हवा म्हणून नानांनी न्हाणीतून शेजाऱ्याला ओढून आणला, तोंडाला साबण तसाच.

"बघ, बघ! दिसतोय का?"

"नाना, डोळ्यांत साबण गेलाय हो!"

रविवारी हे ऐकून मास्तर म्हणाले, "नोंद नाही."

आम्ही पोट धरून हसलो. नाना नाही हसले. ते एप्रिलात रिटायर होऊन कायमचे देवगडला जाणार होते. म्हणाले, "मास्तर, सात वर्षं तुमच्यासोबत चिखल तुडवला. वहीत माझ्या नावावर एक दुर्मीळ पक्षी नाही. एक तरी असू दे हो." मला फार वाईट वाटलं. पण नियम तो नियम!

त्यांचा शेवटचा रविवार मढच्या खडकांवर होता. ओहोटी लागलेली. आम्ही तिघं मागे थर्मासमधला चहा घेत होतो. पुढे नाना दुर्बीण घेऊन उभे, शेजारी कोळीवाड्यातली हिराबाई कालवं फोडत बसलेली. एकाएकी नाना हात हलवायला लागले. आम्ही धावलो. मास्तरांची चप्पल चिखलात रुतली, ती काढता काढता कुंदाची पण रुतली.

नानांना धीर कुठला! त्यांनी दुर्बीण हिराबाईच्या हातात दिली आणि मोठ्याने मोजायला लागले, "एक... दोन..."

अकराला हिराबाईने दुर्बीण खाली केली, दगड उचलला आणि नेम धरून भिरकावला. दगड चुकला, पण काहीतरी काळं-पांढरं समुद्रावरून लांब निघून गेलं. आम्ही पोचलो तेव्हा नाना रडायच्या बेतात.

मास्तर धापा टाकत म्हणाले, "बाई, काय पाहिलंत? नीट सांगा."

"काय म्हणजे? वरून काळा, पोट पांढरं, चोच गाजरासारखी लाल. चार दिवस मेला माझी कालवं फोडून खातोय!"

कालवफोड्या! आम्ही कुणी जन्मात पाहिला नव्हता.

"पण या आपल्या मंडळात नाहीत," मास्तर पुटपुटले.

कुंदा म्हणाली, "मास्तर, दोघांनी पाहायचा, एवढाच नियम आहे. कोण दोघं, ते कुठे लिहिलंय?"

मास्तरांनी वहीचं पहिलं पान उघडलं. दोनदा वाचलं. मग पेन काढलं आणि लिहिलं: "कालवफोड्या, एक. पाहणारे: नाना, हिराबाई." नानांनी ती ओळ चष्मा पुसून पुसून वाचली. डोळे काही थांबेनात त्यांचे.

कुंदाने दुर्बिणीसाठी हात पुढे केला. हिराबाईने ती पदराआड घेतली.

"माझे वीस कुठे झाले? अकराच झाले!"

आणि तिने दुर्बीण डोळ्यांना लावली, रिकाम्या समुद्राकडे.

नानांनी नाक पुसलं, घसा साफ केला.

"बारा... तेरा..."