पहिला उद्गार माझ्या वाट्याला

चिठ्ठी उघडली आणि मी भर मंडळीत म्हणाले, "थैली नीट हलवलेली नव्हती."

"हलवली होती, बाई," पाळकसाहेब म्हणाले. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

"परत काढू द्या."

"ही काय मेथीची जुडी आहे का, पसंत नाही म्हणून परत ठेवायला?"

सगळी मंडळी हसली. मी लाल झाले. चाकणला माझी खानावळ आहे, भाव करण्यात मला कुणी हरवत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर हसले.

आमचं देऊळ, म्हणजे चर्च, थेरगावात एका गाळ्याच्या वरचा हॉल. खाली गाड्या दुरुस्त करतात, वर आम्ही प्रार्थना करतो. लेंत, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचे उपासाचे आठवडे सुरू झाले की आमच्याकडे एका रविवारी चिठ्ठ्या निघतात. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीन तास उपासना असते आणि प्रभूने क्रूसावर काढलेल्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. एरवी उपदेश करणारे पाळकसाहेब त्या दिवशी समोर बाकावर बसून ऐकतात. कुणी कशावर बोलायचं हे दानाच्या थैलीतून निघालेली चिठ्ठी ठरवते.

यंदा पहिल्यांदाच सातांत माझं नाव आलं होतं. माझी शाळा सातवीत सुटली. एका खोलीत स्टोव्हवर डबे करण्यापासून मी सुरुवात केली आणि आज तीन शिफ्टची माणसं माझ्याकडे जेवतात. पण त्या उंच लाकडी मेजामागे उभं राहून बोलण्याचा मान मला कधी मिळाला नव्हता. आठवडाभर मी हवेत होते. कांदा चिरता चिरता भाषण करत होते. मला हवा होता पाचवा उद्गार, तहानेचा. चाकणच्या उन्हात तहान काय असते हे माझ्याइतकं कोण सांगणार? कंपनीच्या गेटबाहेर ताटकळलेले ड्रायव्हर, हमाल, सगळे माझ्याच दाराशी येऊन घसा ओला करतात.

आणि निघाला पहिला. क्षमेचा. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी प्रभूने बापाजवळ माफी मागितली, तो.

पाचवा कुणाला गेला? दोन बाकं सोडून बसलेल्या माझ्या धाकट्या जावेला. तोही तिनेच नेला, असं माझ्या मनात आलं.

आम्ही दोघी बोलत नाही हे मंडळीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. कारण सांगते. माझी ही जाऊ लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या खानावळीत माझ्या बरोबरीने राबली. मग माझा पाय मोडला. दवाखान्यात पडून होते तेवढे दिवस खानावळ तिच्या हाती सोडली. ती रोज दुपारी माझ्यासाठी तांदळाची पेज घेऊन यायची, उशाशी बसून चमच्याने भरवायची. मी घरी आले, काठी टेकत दारात उभी राहिले, तर समोर रस्त्यापलीकडे नवी खानावळ. दारात तिची पाटी. आत माझी माणसं जेवत होती. माझ्या हातचं खाऊन ज्यांची पोटं वाढली ती माणसं! आणि वाढत होती ती.

त्या दिवसापासून तो रस्ता मी ओलांडला नव्हता.

आता मी क्षमेवर काय बोलू? म्हटलं, अदलाबदल करू. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "दोघांची मर्जी असली तर खुशाल करा." झालं. मर्जी कशी वळवायची ते मला चांगलं कळतं.

आधी मंडळीतल्या नर्सबाईंना धरलं. त्यांच्याकडे तिसरा उद्गार होता, आई मरियेला शिष्याच्या हवाली करतानाचा. "सणाला तुमच्या घरी भरलेला बिर्याणीचा टोप पाठवते," मी म्हणाले.

"ताई, तुमची बिर्याणी मला फार आवडते," त्या म्हणाल्या, "पण तिच्यासाठी मी मरियेला सोडणार नाही."

मग निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे सातवा. "बाई, माझं वय बघा," ते म्हणाले. "शेवटचाच शोभतो मला." वाकडला कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या एका तरुणाकडे चौथा होता, देवाने मला का टाकलं म्हणून विचारण्याचा. तो म्हणाला, "आंटी, माझ्या स्लाइड तयार झाल्या."

"मग त्याच वापर."

"सगळ्या स्लाइडवर अंधार आहे, आंटी. क्षमेला कसा चालेल?"

बाकीच्या दोघांनी तर मी तोंड उघडायच्या आतच हात जोडले. मी पाळकसाहेबांना फोन करून तडकले. "तुमची माणसं हटवादी आहेत. एक ऐकत नाही."

"एक राहिलंय ना अजून विचारायचं," ते म्हणाले.

"कोण?"

"तुमच्या दारासमोरच."

मी फोन ठेवला. दोन दिवस फणफणत काढले. लेंतमध्ये मी मटण खात नाही, पण गिऱ्हाइकांसाठी करते. चाखता येत नाही म्हणून वासावरून मीठ ओळखते. त्या दोन दिवसांत दोनदा रस्सा खारट झाला. एक ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, आज समुद्रच वाढलाय का?" त्याला मी म्हणाले, खायचं तर खा नाहीतर समोर जा. आणि तो खरंच समोर गेला!

त्याच आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी, पहिली शिफ्ट जेवून गेल्यावर, मी पदर खोचला आणि रस्त्यावर उतरले. एका बाजूने कंटेनर, दुसऱ्या बाजूने कंपनीच्या बसेस. पहिल्यांदा कंपनीच्या साहेबाकडे डब्यांची ऑर्डर मागायला गेले होते, तशीच निघाले.

जाऊ ताटं पुसत होती. मला बघून ताट तिच्या हातातच राहिलं.

"सलाम, ताई," ती म्हणाली. आम्हा ख्रिस्ती माणसांत नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात.

"सलाम. कामाचं बोलायला आलेय."

"बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. तुझा पाचवा मला दे, माझा पहिला तू घे."

मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "तहानेवर बोलायचंय आणि पाणी नको?"

मला असा राग आला की तांब्या उचलला आणि सगळा संपवला. घसा खरंच कोरडा पडला होता.

"देतेस का नाही?"

"पाचवा न्या की. फुकट न्या. पण पहिला मला देऊ नका. मी क्षमेवर बोलायला उभी राहिले तर मंडळी म्हणेल, हिने आधी मागायला पाहिजे होती."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला. तीच पुढे म्हणाली, "आणि ताई, तुम्हीही नका बोलू पहिल्यावर. मला ठाऊक आहे काय बोलाल. नाव घेणार नाही, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतील. मी पाळकसाहेबांना म्हटलं होतं, मला सातांतून काढा. त्यांनी नाही काढलं. तुम्हाला जे बोलायचंय ते आत्ता बोला. इथं बोला. गिऱ्हाईक नाही कुणी."

तशी काही वाक्यं माझ्या डोक्यात तयारच होती. चांगली धारदार होती. पण त्यातलं एकही आलं नाही. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"रोज पेज घेऊन यायचीस! चमच्याने भरवायचीस गं मला! मीठ बरोबर आहे का विचारायचीस! आणि इकडे चुली मांडत होतीस!"

"हो."

"एक दिवस तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर गाळा घेऊ दिला असता?"

"नसता!"

"तेच."

"तेच काय तेच! काय कमी केलं होतं मी तुला?"

"काही नाही. पण इतक्या वर्षांत कधी रश्शात मीठ घालू दिलंत? मी घातलं की तुम्ही चाखायचात आणि वरून परत घालायचात. सगळ्यांसमोर."

घालायचे. तिला मिठाचा अंदाज नाही. आजही नाही. हे मी तिला तोंडावर सांगितलं.

"असू दे नसला तर," ती म्हणाली. "धंदा केला ते माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण पेज भरवताना गप्प बसले, ते चुकलं. तुम्ही माझा हात धरून म्हणायचात, तू आहेस म्हणून मला घोर नाही. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. ते अजून टोचतं."

मी भाव करणारी बाई. सवय सुटत नाही. म्हणाले, "हेच मंडळीसमोर म्हणशील?"

"म्हणेन."

लगेच. एक क्षणही न थांबता. माझ्या धंद्यात समोरचा पहिल्याच बोलीला हो म्हणाला की माणूस चरकतो, आपण कमी मागितलं असं वाटतं. पण इथे उलटंच वाटलं. मी फार मागितलं होतं. तिने ओढाताण केली असती तर मीही ओढलं असतं, रात्रीपर्यंत ओढलं असतं. ती ताट पुसायचं फडकं हातात घेऊन उभी होती आणि तिचे डोळे भरले होते, आणि माझ्याजवळ ओढायला काही उरलं नव्हतं.

"काही गरज नाही," मी म्हणाले. "हॉलमध्ये आधीच उकडतं."

ती हसली. मग रडली. मग म्हणाली, "ताई, चहा?"

"माझा उपास आहे. संध्याकाळी सोडायला येईन."

पहिला उद्गार मी माझ्याजवळच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पीठ मळताना एक गंमत झाली. रोज पहाटे परातीत हात घातला की ते सगळं डोक्यात सुरू व्हायचं: दवाखाना, पेज, काठी, पाटी. पिठाला पाणी सुटावं तसं आपोआप. त्या दिवशी हात चालत होते आणि डोकं रिकामं होतं. आधी घाबरलेच, म्हटलं आपल्याला काही झालं का? मग लक्षात आलं, बाहेर पाखरं ओरडतायत आणि मी ती ऐकतेय. लेंतभर आम्ही प्रार्थनेत शांती मागतो. मला वाटायचं शांती म्हणजे काहीतरी जड, गंभीर येत असेल. ती तर हलकी होती! मला उड्या माराव्याशा वाटल्या, या वयात, या पायाने. मी पिठाच्या हातांनीच गुडघे टेकले आणि देवाला म्हटलं, हे ठेव, परत नेऊ नकोस, काय पाहिजे ते माग. मग हसू आलं. त्याच्याशीही भाव!

उत्तम शुक्रवारी हॉल गच्च भरला होता. खाली गॅरेज बंद ठेवलं होतं. गॅरेजवाले मुसलमान भाऊ दरवर्षी त्या तीन तासांत हातोडा उचलत नाहीत. मी मेजामागे उभी राहिले. सगळ्यांच्या माना जावेकडे वळल्या, ती म्हणाली होती अगदी तशाच.

मी म्हणाले, "मी जन्मभर घासाघीस केलेली बाई आहे. क्षमेचीसुद्धा मी किंमत ठरवून ठेवली होती. समोरच्याने आधी चूक कबूल करावी. मग चारचौघांत करावी. मग मी बघणार. पण क्रूसाखाली एकाने तरी माफी मागितली होती का? कुणीही नाही. ते कपडे वाटून घेत होते. आणि त्याने वरून देऊन टाकली. न मागता. मला तर मागणारं माणूस समोर रडत असतानाही जड गेलं. माझ्यावर अन्याय झाला हे मी आजही म्हणते. पण आता ते सांभाळत बसायचं काम माझं नाही. ज्याचं आहे त्याच्याकडे दिलं. आणि भावांनो, बहिणींनो, मी सांगते, पाठ मोकळी होते! खरंच होते!"

शेवटचं मी जवळजवळ ओरडलेच. उत्तम शुक्रवारी कुणी ओरडत नाही. मास्तरांनी डोळे पुसले. मला वाटलं होतं ते रागावतील.

मग पाचव्याला जाऊ उभी राहिली. म्हणाली, "घसा कोरडा असूनही पाण्याला नको म्हणणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे." इतक्या शोकाच्या दिवशी सगळा हॉल हसला. पाळकसाहेबांनी मान खाली घातली, खांदे मात्र हलत होते. पुढे ती चांगलं बोलली. माझ्याहून चांगलं बोलली नाही, पण चांगलं बोलली.

सण झाला, सोमवार उजाडला. कांद्याचा टेम्पो आला. हा कांदेवाला आधी तिच्याकडे थांबतो, मग माझ्याकडे. त्याने भाव सांगितला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "समोरच्या बाईंनी याच भावाने घेतला, मावशी."

मी त्याच्या डोक्यावरून ओरडले, "काय गं! काय भावाने घेतलास?"

तिने दारातून भाव सांगितला. बराच कमी होता. मी म्हटलं, इकडे ये. ती ओल्या हातांनी धावत रस्ता ओलांडून आली. आम्ही दोघींनी त्याला मधे घेतलं. ती गोणीत हात घालून कोंब आलेले कांदे काढत होती, मी वजनकाट्याकडे बोट दाखवत होते. मग मोठे कांदे कुणी घ्यायचे यावरून आमची दोघींची जुंपली. ती म्हणाली मी आधी निवडले, मी म्हटलं भाव कुणी पाडला? जेवायला आलेली माणसं ताटं हातात घेऊन दारात उभी राहून बघत होती.

कांदेवाल्याने कपाळाला हात लावला. "बायांनो," तो म्हणाला, "तुम्ही बोलत नव्हता तेच बरं होतं."