वाळूची पिशवी आणि रिसोडचे कल्हईवाले

नातीने हा ब्लॉग काढून दिला आणि म्हणाली, "आजी, तुझ्या एखाद्या प्रवासाबद्दल लिही." नव्वदी उलटली तरी मला रिसोडच आठवलं.

पन्नासच्या दशकात मी मुंबईला फिजिओथेरपी शिकून अकोल्याच्या एका दवाखान्यात लागले. आमची विद्या तेव्हा कोरी करकरीत. एकेक स्नायू सुटा तपासायचा, शून्य ते पाच गुण द्यायचे, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पलंगावर पाय उचलायला लावायचा. गुण देण्यात मी भलती कडक! रिसोडचे गफूरभाई कल्हईवाले बैलगाडीवरून पडले होते. मांडीचं हाड जुळलं, पण पाय वाळला. पिशवी घेऊन घरी गेले ते तपासणीला फिरकलेच नाहीत. डॉक्टर मला म्हणाले, "बघून या. पायात जोर नसेल तर धंदा सोडा म्हणून लिहून द्या."

रेल्वेने वाशीम, पुढे मोटार. रस्ता नावालाच, उतरले तेव्हा माझेच सांधे तपासायची वेळ आली होती. स्टँडजवळ चार आण्यांत पोटभर भाकरी नि ठेचा. तुम्ही गेलात तर ठेचा आधी चिमूटभरच घ्या.

गफूरभाईंच्या अंगणात पोचले तर पिशवी रिकामी, दोरीवर वाळत घातलेली!

"वाळू कुठंय?" मी कडाडले.

"भांड्यात हाय ना, बाई. पलंगावर पाय उचलून भांडं घासल्या जाते काय?"

लग्नाच्या मोठ्या पातेल्यात ते अनवाणी उभे होते. पायाखाली माझी वाळू, एक हात भिंतीला. कल्हईआधी भांडं असंच घासतात, कंबर डावी-उजवी फिरवत.

"दोन महिन्यांपासून हेच करून राह्यले," त्यांची बायको खतिजाबी म्हणाली. "धंदा सोडा म्हनू नका, बाई. घरी बसले की लय चिडतात."

मी त्यांना खाटेवर बसवून पाय उचलायला लावला. दवाखान्यात थरथरणारा पाय दहा आकडे मोजेपर्यंत हलला नाही. मांडीला टेप लावला, घेरही वाढलेला. मला हसू फुटलं, आणि खरं सांगते, लाजही वाटली. मी स्नायू तपासत बसले होते, माणूस काय काम करतो ते विचारलंच नव्हतं.

"मंग, किती गुन?" त्यांनी विचारलं.

"पाच."

खतिजाबीने चहा ठेवला.

अकोल्याला परतल्यावर कागदावर लिहिलं, "धंदा सोडू नये." खाली व्यायामाचा रकाना होता. तिथे लिहिलं, "कल्हई."

हल्ली माझ्याच गुडघ्यासाठी एक मुलगी घरी येते. पहिल्या दिवशी वही उघडून तिने विचारलं, "आजी, तुम्हाला काय काय करता यायला हवंय?" मी तिला तिथल्या तिथे पाच गुण दिले.