सर्व्हिस कुणाची

आभाळ भरलेलं, पण पाऊस पडायचं नाव नाही. तांबरमच्या त्या गल्लीत उजाडल्यापासूनच घाम अंगाला चिकटत होता. विद्युलतानं दारात मारलेलं पाणी सुकत नव्हतं, त्यामुळे कोलम-रांगोळीच्या रेघा ओल्या होऊन पसरायला लागल्या होत्या. आत ग्राइंडर घरघरत होता.

या घरात इडलीच्या पिठाची वाटणी ठरलेली होती. उडीद सासूबाईंनी वाटायचे, तांदूळ सुनेनं. विद्युलता लग्न होऊन आली तेव्हापासून ते कधी उलटंपालटं झालेलं नाही. उडीद किती फुगवायचे हे सुनेच्या हाताला अजून कळत नाही, असं संयुक्ताबाईंचं मत. आणि सासूबाई तांदूळ फारच बारीक काढतात, असं विद्युलताचं.

उडीद काढून झाले आणि ग्राइंडर गप्प झाला.

"अय्यो, गेली बघ करंट," संयुक्ताबाई म्हणाल्या. "अत्तां तुझे तांदूळ गे?"

"भिजलेले फ्रीजमध्ये ठेवते, आत्याबाई. संध्याकाळी येऊन वाटते."

"संध्याकाळी येशील? का पंचाचा बिल्ला घेऊन तिकडूनच परदेशी उडून जाशील?"

विद्युलता हसली आणि पिशवीत स्वेटर कोंबला. चेन्नईत स्वेटर बाळगणारी बाई अख्ख्या गल्लीत ती एकटीच. शेजारची अलमेलू मुद्दाम हाक मारायची, "काय, उटीला निघालीस?" पण ज्या बंद हॉलमध्ये टेनिसची स्पर्धा होती तिथला एसी हाडं गोठवणारा. खेळाडू घामानं निथळत असायचे आणि उंच खुर्चीवर बसलेली पंच कुडकुडत असायची.

विद्युलता बँकेत नोकरीला. पंचगिरी हा तिचा जिवाचा नाद. रजा साठवायची आणि स्पर्धांवर उधळायची, असं कितीतरी वर्षं चाललेलं. घरचे मूळ तंजावरचे मराठी. बोली अशी, की पुण्याहून आलेला माणूस दोन वाक्यं कौतुकानं ऐकतो आणि तिसऱ्याला गोंधळतो. खुर्चीवर बसली की मात्र ती फक्त इंग्रजी बोलायची. चारही खेळाडूंना कळेल असं, मोजकं. आज पुरुष दुहेरीच्या सामन्यात तिची परीक्षा होती. स्पर्धेचे मुख्य पंच पद्मनाभ तिचं काम बघणार होते. उत्तीर्ण झाली तर वरचा बॅज, आणि वरचा बॅज म्हणजे बाहेरच्या देशांतल्या स्पर्धा. गेल्या खेपेला थोडक्यात हुकलं होतं.

सामना होता वेलचेरीचा यश आणि त्याचा जोडीदार संकेत यांचा, दोन झेक खेळाडूंशी. यशचे आईवडील नोकरीसाठी नाशिकहून आलेले. पोरगा उंच, सर्व्हिस तोफेसारखी. क्लबात भेटला की विद्युलताला काकू म्हणायचा आणि तिच्या बोलीची नक्कल करायचा. संकेत चिवट होता, पण त्याचा खांदा महिनाभर कुरकुरत होता.

पहिला सेट या पोरांनी जिंकला. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी.

दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत फिजिओनं संकेतच्या खांद्यावर फवारा मारला. संकेत यशला म्हणाला, "खांदा गरम आहे तोवर माझी सर्व्हिस उरकून घेतो. या सेटला मी आधी."

ते नियमात बसतं. दुहेरीत जोडीतल्या कुणी आधी सर्व्हिस करायची ते प्रत्येक सेटच्या सुरुवातीला नव्यानं ठरवता येतं. पण एकदा ठरलं की सेट संपेपर्यंत आळीपाळी मोडायची नाही. आता रेषा कॅमेरे बघतात, चेंडू आत की बाहेर ते यंत्रच ओरडून सांगतं. पंचाकडे उरतं ते हे: कुणाची पाळी, किती गुण, कुणाचं डोकं तापलंय.

संकेतनं पहिला गेम सर्व्ह केला. त्याच वेळी एक झेक खेळाडू प्रेक्षकांतल्या शिट्ट्यांची तक्रार करायला खुर्चीपाशी आला. त्याला समजावण्याच्या नादात विद्युलतानं गुण नोंदवायच्या टॅबवरचं सर्व्हिसचं नाव बदललंच नाही. तिथं यशचं नाव पहिलं, तसंच राहिलं.

तिसऱ्या गेमला यशनं सर्व्हिस केली. पाचवा गेम आला आणि चेंडू घेऊन पुन्हा यशच उभा राहिला. पहिल्या सेटमध्ये पाचवा गेम त्याचाच होता. पायांना तीच सवय. संकेत नेटजवळ जाऊन खांदा दाबत वाकला. झेक जोडी आपसात कुजबुजत होती. टॅबही म्हणत होता, यश.

दोन तोफा सुटल्या. तीस-शून्य.

तिसऱ्या चेंडूआधी यशनं सवयीप्रमाणे कपाळाचा घाम डाव्या बाहीला पुसला. आणि विद्युलता खुर्चीत सरळ झाली. हे तर आत्ताच बघितलं होतं आपण! या जोडीची मागची सर्व्हिसही यशचीच होती की.

कुणालाच कळलं नव्हतं. अजून दोन चेंडू गेले आणि गेम संपला, तर नियमानंच नवा क्रम पक्का होणार होता. मग कुणी विचारणारं नव्हतं. बोललं तर सगळ्या हॉलला कळणार होतं की पंचानं दोन चेंडू झोपेत घालवले. समोरच्या कोपऱ्यात पद्मनाभ उभे होते, कानाशी वॉकीटॉकी.

विद्युलतानं खेळ थांबवला.

यश खुर्चीपाशी आला. तिनं इंग्रजीत सांगितलं की सर्व्हिस संकेतची आहे. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग समजूत, मग राग, असं सगळं भरभर येऊन गेलं. तो खुर्चीच्या पायाशी वाकून हळू आवाजात मराठीत म्हणाला, "काकू, होऊ द्या ना. त्यांना कुठं कळलंय? त्याचा खांदा बघताय ना?"

कोर्टवर हे वाक्य कळणारी माणसं तीनच. यश, संकेत आणि ती. क्षणभर ते वाक्य घरातल्यासारखं वाटलं, ओट्यापाशी उभं राहून बोलल्यासारखं.

"सर्व्हिस संकेतची," ती पुन्हा इंग्रजीतच म्हणाली, झेक जोडीलाही ऐकू जाईल अशी. "चूक माझी. झालेले गुण तसेच राहतील. तीस-शून्य."

लोकांनी हुर्यो केली. मागून कुणीतरी तामिळमध्ये ओरडलं, "अक्का, चष्मा बदला!" हशा पिकला.

संकेतनं चेंडू हातात घेतला. पहिल्या सर्व्हिसला खांदा वर जाईना. डबल फॉल्ट. मग आणखी एक. तो गेम गेला, त्यामागून सेट गेला. निकाल ठरवणाऱ्या शेवटच्या टायब्रेकमध्ये पोरं जिवाच्या करारानं खेळली, पण दोन गुणांनी हरली.

खेळाडूंच्या दाराशी यश बॅग खांद्याला लावून तिच्या अंगावरून गेला. चार पावलं जाऊन थांबला.

"उद्यापासून तामिळच बोलतो तुमच्याशी."

"बोल," विद्युलता म्हणाली. "तुझी तामिळ माझ्या मराठीपेक्षा वाईट आहे."

तो हसला नाही, पण ओठ जरा हलले. "उभा मीच राहिलो होतो म्हणा," एवढं पुटपुटून तो गेला.

पद्मनाभ कॉफीचे दोन कप घेऊन आले. जुने गृहस्थ, मूळचे कुंभकोणमचे. तिच्याशी नेहमी तामिळमध्येच बोलायचे.

"विद्या, खरं सांगू? मला दिसलंच नव्हतं. मी वॉकीवर बोलत होतो."

कॉफीचा चटका बसला तरी तिनं कप खाली ठेवला नाही.

"तू थांबवलंस तेव्हा दिसलं. आणि दिसलं ते मला लिहावं लागणार. दुहेरीत क्रम चुकणं म्हणजे…" त्यांनी हात हलवला. "या खेपेला बॅज नाही, अम्मा."

"लिहा, सार."

"थांबवलंस कसं तेही लिहितो. पण त्याला गुणांचा रकाना नाही."

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी येशील ना?"

"रजा मिळाली तर," ती म्हणाली. स्वेटर काढून तिनं पिशवीत कोंबला. बाहेर पडली तर उकाडा दारातच उभा होता, सकाळी सोडला तसाच.

तांबरमला उतरून गल्लीत शिरली तेव्हा दिवे लागले होते. अलमेलू दारातच होती. "उटीला थंडी होती का?" तिनं विचारलं. विद्युलता नुसती मान हलवून पुढं गेली.

संयुक्ताबाई स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे एकदा बघितलं.

"नाहीं मिळालं?"

"नाही."

"कुणाची चूक?"

"माझी. कुणाला दिसली नव्हती. मीच सांगितली."

संयुक्ताबाईंनी हातातली शेंग मोडली, शीर काढली, ताटलीत टाकली. "मग रात्री नीट झोपशील," त्या म्हणाल्या. "पण रडायचं असेल तर अत्तांच रडून घे. हेरंब आला की बायको का रडली विचारत बसेल."

विद्युलताच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पिशवीतल्या स्वेटरच्या बाहीनं पुसलं. तोच हाताशी होता.

"करंट कधी आली?"

"तू गेलीस आणि आली. दिवसभर होती."

"मग तांदूळ वाटायचे ना, आत्याबाई! इतका वेळ तसेच राहिले."

"मी कशाला वाटूं? तांदूळ तुझे."

विद्युलतानं फ्रीज उघडून भिजलेल्या तांदळाचं पातेलं काढलं. पाणी निथळलं, ग्राइंडरचा दगड धुतला आणि बटण दाबून मूठमूठ तांदूळ आत सोडायला लागली.