कोंड्यातल्या अळ्या

आई देवापाशी निरंजन लावते, त्याच वेळेला मी चिमट्यात जिवंत अळी धरते. आमच्या घरात हे रोज होतं. ज्याला खुपतं त्यानं दुसरीकडं बघावं.

घर परभणीतलं, भिक्षुकाचं. वडील सत्यनारायण सांगतात, वास्तुशांती करतात, लग्नं लावतात. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. अशा घरात मी लेपर्ड गेको आणली. वीतभर पाल, पिवळी, अंगावर काळे ठिपके. ती भिंतीवर चढत नाही, डोळे मिटून झोपते आणि हलणाऱ्या किड्याशिवाय कशाला तोंड लावत नाही. नवऱ्यानं हौसेनं घेतली होती. हौस फिटली तशी त्यानं तिची काचेची पेटी गॅलरीत सरकवली, आणि तेव्हापासून तिला खाऊ घालणारी मीच. पुण्यातलं ते घर कायमचं सोडलं तेव्हा भांडीकुंडी, दागिने, सगळं तिथंच राहू दिलं. कपड्यांची बॅग आणि ही पेटी, एवढंच माझं होतं. रेल्वेत पेटी मांडीवर घेऊन बसले. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

वडिलांनी पहिल्याच दिवशी पंचांग काढलं. बराच वेळ पानं चाळून म्हणाले, "पाल अंगावर पडली तर काय फळ, ते दिलंय. घरात ठेवली तर काय, ते काही दिलेलं नाही." मग चष्मा काढून ठेवला. त्यांच्यापुरता विषय संपला.

आईचा संपला नाही. "राहू दे बाई," ती म्हणाली, "पण श्रावणात घरात जीवहत्या नको."

"तिला श्रावण कळत नाही, आई."

"कळंल की. घरात राहायचं तर घरातलं खावं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर पेटीत बाटलीच्या झाकणात दहीभात. एकादशीला भगर. गेको त्या भगरीवरून चालत गेली आणि शेपटीनं सगळी पेटी माखून ठेवली. मला हसू पण आलं आणि राग पण. कारण सासरी मला हेच ऐकवलं होतं. घरात राहायचं तर घरातलं खावं, घरातल्यासारखं बोलावं, घरातल्यासारखं गप्प बसावं. तिथं मी ऐकलं नव्हतं. इथं तर बिलकुल ऐकणार नव्हते. दहीभात उचलला, पेटी पुसली, अळी दिली.

अळ्या मी स्टीलच्या डब्यात ठेवायची. गव्हाचा कोंडा, त्यात गाजराचे तुकडे, त्यावर त्या पोसायच्या. माझ्या खोलीत ऊन यायला लागलं म्हणून डबा एक दिवस स्वयंपाकघरात ठेवला आणि कॉलेजला गेले. तिथं मी तासिका तत्त्वावर गणित शिकवते. आईला वाटलं, पिठाच्या चाळणीतला कोंडा आहे आणि त्याला अळ्या पडल्यात. आमच्याकडची कुठलीही बाई करते तेच तिनं केलं. गच्चीवर जुनी साडी अंथरली आणि कोंडा उन्हाला घातला. मी आले तेव्हा चिमण्या जेवून उडून गेल्या होत्या. "लय अळ्या झाल्या होत्या गं," आई म्हणाली. "साफ करून ठेवलाय कोंडा."

पुण्याहून नव्या अळ्या मागवल्या तर पावसानं कुरिअर अडकलेलं. स्टेशनजवळच्या दुकानात फक्त माशांचं खाणं. शेतात नाकतोडे चिक्कार, पण सोयाबीनवर फवारणी झालेली. विषाचा एक किडा पोटात गेला असता तर ती संपलीच असती. गेको आपली चरबी शेपटीत साठवते. तिची अंगठ्याएवढी शेपटी करंगळीएवढी झाली. मी रोज बघत होते आणि रोज माझं डोकं फिरत होतं.

शेवटी आईपुढं उभी राहिले. "दरवर्षी तू तांदळातल्या, गव्हातल्या अळ्या उन्हात टाकतीस. श्रावणात पण. त्या मरतात, तेव्हा तू म्हणतीस धान्य साफ केलं. मी एकीचं पोट भरायला अळी दिली की ती जीवहत्या. असं कसं, सांग मला."

आई सूप घेऊन आत गेली. वडिलांनी पोथी मिटली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं माझ्या टेबलावर वाटी ठेवली. वाटीत तांदळातल्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. "गेल्या सालचा तांदूळ आहे. पावडर लावलेली नव्हती, निस्ता कडुलिंबाचा पाला होता," एवढं म्हणून ती पाठ फिरवून उभी राहिली. मी अळी पुढं धरली. गेकोनं अंग उचललं, शेपटीचं टोक थरथरवलं आणि झडप घातली. आई केव्हा वळली ते मला कळलंच नाही.

"अजून एक दे," ती म्हणाली.

मग महालक्ष्म्या आल्या. आत्या सोनपेठहून आली. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आणि आई तिला तोवर कधी उलटून बोललेली नव्हती. नैवेद्य झाला, पानं मांडली, आणि तेवढ्यात आत्याला माझ्या खोलीतली पेटी दिसली.

"वहिनी, ही पाल घरात हाय तोवर मी पाण्याचा घोट घेणार नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "नांदायचं जमलं न्हाई हिला, आणि पाली पोसायलीय."

महालक्ष्म्यांचं जेवण. त्या दिवशी माणूस न जेवता गेलं तर आई वर्षभर झुरेल, हे मला माहीत होतं. मी पेटी उचलायला वळले नाही. पेटी गेली असती तर मागोमाग मीही गेले असते.

आईनं आत्याचं पान उचललं. पुरणपोळीवर दुसरं ताट पालथं घातलं.

"वन्सं, झाकून ठेवते. मन झालं की बसा," ती म्हणाली. "माझी लेक इथंच राहणार. तिच्यासंगं जे आलंय ते पण इथंच जेवणार."

मग माझ्याकडं बघितलं. "तू कामून उभी? दिवेलागण झालीय. वाटी फडताळात ठेवलीय."

आत्या जेवली का नाही, मी बघितलं नाही. माझी पाठ तिच्याकडं होती आणि चिमट्यात अळी होती.